सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांचा सेझला सवाल

सेझ म्हणजे काय ते सरकारी पुस्तकाला विचारू नका. आमच्या वस्तीत येऊन विचारा. म्हातारी सांगेल, "कंपनीची भिंत, बाबा. आधी तिथनं सरपण आणायचो. शेरडं चारायचो. आता लांबून वळसा घालून जातो."

सरकारी पुस्तकात वेगळं लिहिलंय. तिथं सेझ म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र. त्यानं निर्यात वाढणार, गुंतवणूक येणार, रोजगार मिळणार. हे तीन शब्द मंत्र्याच्या तोंडात असे बसलेत, जसे भटजीच्या तोंडात मंत्र. मंत्राचा अर्थ यजमानानं विचारायचा नसतो. त्यानं दक्षिणा द्यायची. तर दोस्तहो, या यज्ञात दक्षिणा कुणी दिली आणि जेवून कोण उठलं, एवढाच हिशेब आज मांडायचाय.

पण आधी एक गोष्ट साफ करू, म्हणजे नंतर कुणी आमच्या तोंडात आपले शब्द कोंबायला नको. आम्हाला कारखाना नको आहे असं नाही. 'काळी आई'ची आरती ओवाळणाऱ्यांत आम्ही नाही. ती आई आम्हाला कधी मांडीवर घेत नव्हती. तिच्या अंगावर आम्ही राबलो, सातबारा दुसऱ्याच्या नावावर राहिला. १९४८ साली घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचं खरं रूप उघडं केलं. गावगाड्यात आमचा श्वास कोंडतो हे त्यांनी सांगितलं. त्यांचं ऐकून आमचे आजे-पणजे मुंबईच्या गिरणीत आले, रेल्वेत आले, गोदीत आले. म्हणून कुणी म्हणालं की इथं उद्योग येतोय, तर पहिली टाळी आमची. मग आम्ही सेझवर चिडून का आहोत? कारण उद्योगाच्या नावाखाली नवं गावकूस बांधलं. आणि आम्ही परत त्या कुसाच्या बाहेरच.

हे यंत्र चालतं कसं ते नीट समजून घ्या. आपल्या पोरांनी कायदा वाचला पाहिजे, नुसत्या घोषणा देऊन भागत नाही.

सेझची कल्पना आजची नाही. कांडल्याला १९६५ मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्र सुरू झालं. आशियातलं पहिलं म्हणतात. मुंबईत अंधेरीला १९७३ मध्ये सीप्झ आलं, इलेक्ट्रॉनिक्सच्या मालासाठी. पुढं तिथं हिऱ्या-सोन्याच्या दागिन्यांचं कामही सुरू झालं. ही क्षेत्रं सरकारी होती आणि बोटांवर मोजण्याइतकी होती. मग १९८० मध्ये चीननं शेनझेन वगैरे मोजकी क्षेत्रं उघडली आणि तिथनं जगभर माल जाऊ लागला. आपल्याकडच्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. २००० मध्ये सेझचं धोरण आलं, २००५ मध्ये संसदेत कायदा झाला, फेब्रुवारी २००६ पासून तो लागू झाला. चीननं थोडी आणि प्रचंड क्षेत्रं केली. आपण खिरापत वाटली. आयटीसाठी तर दहा हेक्टरवरही सेझ चालेल असं ठरलं. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. आमच्या तालुक्यातल्या एका पाटलाची जमीन याहून जास्त असेल.

कायद्यात मेख अशी. सेझची जागा भारताच्या सीमाशुल्काच्या हद्दीबाहेर आहे असं मानायचं. म्हणजे बाहेरून यंत्रं आणा, कच्चा माल आणा, त्यावर जकात नाही. नफ्यावर पहिली पाच वर्षं आयकर पूर्ण माफ, पुढची पाच वर्षं अर्धा माफ, त्यानंतर आणखी पाच वर्षं नफ्यातला जो भाग धंद्यात परत घालाल त्यावर सवलत. परवानग्यांसाठी दहा कचेऱ्यांत फिरायला नको, एक विकास आयुक्त बसलेला. युक्तिवाद असा की एवढं दिलं की भांडवलदार येईल, कारखाना टाकेल, माल परदेशी पाठवेल, डॉलर आणेल आणि तुमच्या पोरांना कामावर घेईल. कागदावर तर्क बरोबर वाटतो. आमचाही वाटला होता.

आता हिशेब. हा आम्ही आमच्या मनचा मांडत नाही. देशाचे महालेखापाल, म्हणजे कॅग, यांनी २०१४ मध्ये सेझचा तपास करून अहवाल संसदेपुढं ठेवला. सरकारनंच नेमलेला हिशेबनीस. त्याची वही उघडा.

तपासलेल्या सेझांनी मंजुरी घेताना ३९ लाखांवर रोजगार देऊ असं लिहून दिलं होतं. प्रत्यक्षात दिला २ लाख ८४ हजारांच्या आसपास. शंभर पोरांना नोकरी कबूल केली आणि सातांना दिली. गुंतवणूक १ लाख ९४ हजार कोटींची सांगितली होती, आली ८० हजार कोटींची. निर्यात ३ लाख ९५ हजार कोटींची सांगितली होती, झाली १ लाख कोटींची. तिन्ही मंत्र तपासले आणि तिन्ही खोटे निघाले. सगळ्यात मोठं खोटं रोजगाराच्या बाबतीत. आणि याच रोजगाराचं गाजर दाखवून जमिनी घेतल्या होत्या.

याच वहीत दुसरं पान आहे. २००६-०७ ते २०१२-१३ या वर्षांत सेझांना आयकर आणि सीमाशुल्क मिळून ८३ हजार कोटींवर माफी मिळाली. आमच्या वस्तीत समाजमंदिराला पत्रा टाकायचा म्हटलं तर ग्रामसेवक म्हणतो निधी नाही. मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती वेळेवर मागितली तर समाजकल्याणचा बाबू म्हणतो वरून पैसा आला नाही. वरचा पैसा वरच्या वर कुठं गेला ते या पानावर लिहिलंय, साहेब.

तिसरं पान जमिनीचं. सेझ म्हणून जाहीर झालेल्या ४५ हजार ६०० हेक्टरांपैकी काम सुरू झालं होतं २८ हजार ५०० हेक्टरांच्या आतच. बाकीची पडून. ५ हजार ४०० हेक्टरांवर जमीन नंतर सेझमधून वगळलेली, आणि त्यातली बरीच दुसऱ्या धंद्यांकडं वळवलेली. अकरा जणांनी सेझची जमीन गहाण टाकून ६ हजार ३०० कोटींचं कर्ज उचललं. त्यातल्या तिघांनी २ हजार २०० कोटी सेझ सोडून भलतीकडंच वापरले. आमच्या बापानं पोरीच्या लग्नासाठी सावकाराकडून पाच हजार घेतले आणि फेडता फेडता मेला. त्याच्याकडं गहाण ठेवायला जमीनच नव्हती. यांच्याकडं आहे. आपली.

आपली म्हणतो ते उगाच नाही. जमीन कुणाची जाते, ते बघा.

रायगडचा महामुंबई सेझ आठवा. उरण, पेण, पनवेल तालुक्यांतली ४५ गावं, रिलायन्सचा प्रकल्प. शेतकरी उठले, एन. डी. पाटलांसारखे म्हातारे लढवय्ये पुढं उभे राहिले. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारला लोकांचं मत घ्यावं लागलं. देशात असं मतदान कुठं झालं होतं? बहुतेकांनी नाही म्हणून ठणकावलं आणि पुढं तो सेझ मोडला. त्या लढ्याला आमचा सलाम. पण दोस्तहो, सलाम करतानाही सवाल विचारायचा असतो. मत घेतलं ते ज्यांची जमीन जाणार त्यांचं. त्याच भातखाचरात लावणी-कापणी करणारा कातकरी, मिठागरात पाय कुजवणारा मजूर, बांधावर कोंबड्या पाळून जगणारी विधवा, यांचं मत कुठल्या पेटीत पडलं? सेझ आला तर यांचं काम जाणार, आणि नाही आला तरी यांना एक गुंठा मिळणार नाही. सेझच्या बाजूनं आणि सेझच्या विरोधात, दोन्ही मोर्च्यांत आम्ही सतरंजी अंथरायलाच.

त्या वेळी भूसंपादनाचा कायदा १८९४ चा, इंग्रजाचा. त्यात ज्याचा जमिनीत हक्क त्याला पैसा. शेतमजुराचा हक्क कशात? विळ्यात. विळ्याची नुकसानभरपाई कुठल्या कलमात आहे ते शोधून सांगा. २०१३ च्या नव्या कायद्यानं प्रथमच लिहिलं की तीन वर्षं त्या जमिनीवर मजुरी करून पोट भरणारं भूमिहीन कुटुंबही बाधित कुटुंब आहे. पण तोवर सेझचं वाटप उरकलं होतं. पंगत उठल्यावर आम्हाला पान मांडलं.

आणि जिथं आमच्या नावावर जमीन होती तिथं काय झालं? आंध्रात, आज तेलंगणात, महबूबनगरकडं जडचर्ल्याजवळ पोलेपल्ली आहे. तिथं दलितांना आणि लंबाड्यांना सरकारनंच कसायला दिलेल्या जमिनी होत्या. औषधांच्या कारखान्यांचा सेझ करायला त्याच परत घेतल्या. दिलेली जमीन काढून घेणं सरकारला सोपं जातं, कारण ती विकायला कसणाऱ्याला बंदी आणि म्हणून तिचा भावही कमी धरतात. आपल्याकडं हाडकी-हाडवळ्याची वतनी जमीन आहे, सीलिंगची आहे, गायरानावरची अतिक्रमणं आहेत. दादासाहेब गायकवाडांच्या मागं १९५९ आणि १९६४-६५ ला लोक तुरुंगात गेले ते याच जमिनीसाठी. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरान अतिक्रमणं कायम करायचा निर्णय १९९१ मध्ये निघाला, आणि कित्येकांचा सातबारा अजून झालेला नाही. तलाठ्याच्या दप्तरात ती जागा 'सरकारी पड'. सरकारी पड म्हणजे उद्या कुणालाही देता येईल अशी. पाटलाच्या मळ्याला हात लावायला कलेक्टर दहादा विचार करतो. आमच्या तुकड्यावर खुंटी ठोकायला त्याला फोनसुद्धा करावा लागत नाही.

बरं, जमीन गेली. नोकरी तरी?

मी स्वतः आयटीआयचा फिटर. एका सेझच्या गेटावर अर्ज घेऊन गेलो होतो. आत कंपनी, पण गेटावर ठेकेदाराचा माणूस. त्यानं सर्टिफिकेट बघितलं नाही. नाव विचारलं. आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून त्याला कळेना. मग म्हणाला, "गाव कुठलं?" सांगितलं. "गावात कुठं राहता? पाटलाच्या वाड्याकडं का मारुतीकडं?" मी म्हणालो, विहाराजवळ. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. कोडं सुटलं त्याचं. म्हणाला, "फिटरच्या जागा भरल्या. हाऊसकीपिंगला ये उद्यापासून." माझ्या मागचा पोरगा माझ्याच बॅचचा. माझ्यापेक्षा कमी मार्कांचा. तो फिटर लागला. मी तिथं संडास धुवायला आलो नव्हतो. मी परत फिरलो. पण घरी दोन लहान भावंडं असती तर फिरलो असतो का, ते मला सांगता येत नाही.

ही माझ्या एकट्याची रड नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवून बघितले. फरक फक्त नावाचा. काही नावं उच्चवर्णी, काही दलित, काही मुसलमान. २००७ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला. दलित आणि मुसलमान नावांना बोलावणी कमी आली. अर्ज तोच, पात्रता तीच, नाव तेवढं वेगळं. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हाच सवाल टाकला होता. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथं धागा तोंडानं ओढावा लागतो म्हणून अस्पृश्याला प्रवेश नाही. शंभर वर्षं होत आली. धागा गेला, कॉम्प्युटर आला, विटाळ तोच.

सरकारी कारखाना असता तर राखीव जागा मागता आल्या असत्या. सेझमध्ये राखीव जागा नाहीत, कारण म्हणे ते खासगी. वा रे खासगी! जमीन सरकारनं मिळवून दिली. कर सरकारनं सोडला. रस्ता, पाणी, वीज सरकारनं नेऊन दिली. सगळं घेताना सार्वजनिक आणि नोकरी देताना खासगी? २००६-०७ मध्ये उद्योगपतींच्या संघटनांनी सांगितलं, कायदा नको, आम्ही स्वेच्छेनं दलितांना संधी देऊ. ठीक वर्ष बघा. त्याच २००६ मध्ये सेझचा कायदा लागू होत होता. करमाफी मात्र त्यांनी सरकारच्या स्वेच्छेवर सोडली नाही. ती कलम, पोटकलम, वर्षं, टक्के घालून कायद्यात लिहून घेतली. आपल्या हक्काला तेवढी स्वेच्छा.

सरकारी माणूस म्हणेल, जुनी रड बंद करा, आज सेझमध्ये ३० लाखांवर लोक काम करतात. आकडा खोटा आहे असं आम्ही म्हणत नाही. तो फोडून दाखवा एवढंच म्हणतो. यातला मोठा हिस्सा आयटीचा. आयटी कंपन्यांना आधी सॉफ्टवेअर पार्कांत करमाफी होती. ती मार्च २०११ मध्ये संपली. मग याच कंपन्यांचं काम सेझमध्ये सरकलं. एका बाकावरून उठून दुसऱ्या बाकावर बसलेल्या माणसाला नवा प्रवासी म्हणून मोजायचं? पुढं १ एप्रिल २०१७ नंतरच्या नव्या विकासकांना, आणि २०२० नंतर सुरू होणाऱ्या नव्या उद्योगांना आयकराची माफी बंद झाली. तर डिसेंबर २०२३ मध्ये सरकारला नियम बदलून द्यावा लागला की आयटी सेझमधल्या इमारतींचा रिकामा भाग सेझबाहेरच्या कामासाठी वापरा. सवलत संपली, गर्दी पांगली. श्रीपेरंबुदूरला नोकियाचा सेझ २००६ मध्ये सुरू झाला, हजारो तरुण मुलं-मुली कामाला लागली, आणि कराच्या भांडणात, धंद्याच्या सौद्यात १ नोव्हेंबर २०१४ ला उत्पादन थांबलं. तिथं रोजगार खरा होता. पण तो उपटून नेता येत होता. भांडवलाला पाय असतात. पंचविशीत नोकरी गमावलेल्या पोरीला घरी जायचं भाडं असतं, बस्स.

राहता राहिला कामगार कायदा. सेझमध्ये कामगार कायदे लागू आहेत, असं सरकार छातीवर हात ठेवून सांगतं. अक्षरानं खरं आहे. पण अनेक राज्यांनी सेझमधल्या कारखान्यांना 'लोकोपयोगी सेवा' ठरवून टाकलं. म्हणजे पाणीपुरवठा, रेल्वे आणि परदेशी चाललेला हिऱ्याचा हार एका रांगेत. अर्थ एवढाच, की आगाऊ नोटीस दिल्याशिवाय संप बेकायदा. कामगार आयुक्ताचे अधिकारही विकास आयुक्ताकडं सोपवायची सोय केली. गुंतवणूकदाराला चहा पाजणारा आणि मजुराची तक्रार ऐकणारा माणूस एकच. ठेकेदाराच्या पोरानं कुणाकडं जायचं?

आता ऐका पुढचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर नवे कामगार कायदे लागू झाले. संपाआधी चौदा दिवसांची नोटीस आता प्रत्येक कारखान्याला. म्हणजे जे भिंतीच्या आत पिकवलं ते भिंतीबाहेर पेरलं. सेझबाहेरच्या कामगारांनो, तुम्हाला वाटलं होतं ती पीडा त्यांची आहे. ७ नोव्हेंबर १९३८ ला बाबासाहेबांनी कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून मुंबई बंद पाडली होती, ती असल्याच कायद्याविरुद्ध. संपाला गुन्हा ठरवणं म्हणजे माणसाला गुलाम करणं, हे त्यांनी विधिमंडळात सांगितलं. त्यांच्या फोटोला हार घालून हे कायदे करणाऱ्यांना हे माहीत नसेल असं समजू नका. माहीत आहे. म्हणूनच हार मोठा घालतात.

तर मागायचं काय? भिंत पाडा म्हणून ओरडण्यात अर्थ नाही, आणि भिंतीला कान लावून रडण्यातही नाही.

एक. जी जमीन सेझसाठी घेतली आणि पडून आहे, ती मोजा, जाहीर करा आणि परत घ्या. परत देताना फक्त जुन्या सातबाऱ्याकडं बघू नका. तिच्यावर राबणाऱ्या भूमिहीनांना त्यात वाटा द्या.

दोन. जिथं सरकारची जमीन, सरकारची करमाफी, सरकारचं पाणी, तिथं राखीव जागा कायद्यानं. ठेकेदाराच्या भरतीलाही. दरवर्षी किती माणसं घेतली, कोणत्या जातीची, कोणत्या कामावर, हे गेटावर फळा लावून लिहा. झाडूवर किती आणि खुर्चीवर किती, ते दिसू द्या.

तीन. गायरान आणि वतनी जमिनीचे रखडलेले सातबारे आधी करा, मग उद्योगाचा नकाशा पसरा.

चार. युनियनच्या माणसाला गेटाच्या आत येऊ द्या. मजुराची तक्रार ऐकणारा अधिकारी वेगळा द्या.

हे कुणी ताटात वाढून देणार नाही. म्हणून पोरांनो, उद्यापासून एक काम करा. आपल्या तालुक्यात सेझसाठी, एमआयडीसीसाठी किती जमीन गेली त्याचा कागद माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपयांचं तिकीट लागतं, आणि दारिद्र्यरेषेच्या कार्डावर तेही नाही. गट नंबर लिहून घ्या. मग वस्तीत बसा आणि म्हाताऱ्यांना विचारा, त्या गटात कोण राबत होतं. त्यांची नावं लिहा. तलाठ्यानं जी नावं कधी लिहिली नाहीत ती आपल्या वहीत लिहा. ती वही घेऊन गेटावर जाऊ. तिथला माणूस परत विचारेल, गावात कुठं राहता?

या वेळी उत्तर आपण सगळे मिळून देऊ.

जय भीम.